राजाला वेश का पालटावा लागतो?

प्रश्न : माझी आजी गोष्ट सांगायची, त्यात राजा रात्री घोंगडी पांघरून नगरात हिंडायचा. परवा तीच गोष्ट मी नातीला सांगितली, तर ती म्हणाली, ‘‘आजोबा, सगळं राज्य त्याचंच ना? मग त्याला चोरासारखं का फिरावं लागतं?’’ मला उत्तर सुचलं नाही. राजे खरोखर असे फिरत असत का? ज्याच्या हाती सगळं आहे, त्याला ओळख लपवायची गरज का पडावी? आणि आजचे मंत्री असं का करत नाहीत?
– एक वाचक, वाई

उत्तर : तुमच्या नातीनं नेमक्या जागी बोट ठेवलं आहे. आपण सगळे ती गोष्ट ऐकत मोठे झालो, पण राजा अडला कुठे, हे विचारायचं आपल्याला सुचलं नाही. तुमच्या पत्रात तीन प्रश्न आहेत : असं खरंच घडत होतं का, घडत असेल तर कशासाठी, आणि आता का घडत नाही. एकेक घेऊ.

आधी गोष्टींचं पाहू. वेश पालटणाऱ्या राजांमध्ये सर्वांत प्रसिद्ध बगदादचा खलिफा हारून अल रशीद. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी ‘अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी’ मराठीत आणल्या, तेव्हापासून तो आपल्याही घरचा झाला. हारून इतिहासात होऊन गेला; इ. स. ७८६ ते ८०९ एवढा काळ त्यानं राज्य केलं. पण वजीर जाफरला सोबत घेऊन रात्री बाजारात फिरणारा हारून कथाकारांनी रंगवलेला आहे. खऱ्या हारूननं ८०३ साली त्याच जाफरला ठार करवलं. तेव्हा या गोष्टी पुरावा म्हणून धरता येत नाहीत. तरीही बगदादच्या खलिफाची आणि उज्जैनच्या विक्रमादित्याची अशा एकाच वळणाची गोष्ट लोकांनी पिढ्यान् पिढ्या सांगितली. याचा अर्थ एवढाच की, राजवेशातल्या माणसाला खरं कळत नाही, हे लोकांना पक्कं ठाऊक होतं.

का कळत नाही, ते मला आमच्या शेजारच्या काकांमुळे समजलं. काका मामलेदार म्हणून निवृत्त झाले आणि आमच्या गावी, जिथं त्यांना कुणी ओळखत नव्हतं, तिथं राहायला आले. नोकरीत असताना भाजी शिपाई आणून द्यायचा आणि ती नेहमी चांगलीच निघायची. इथं ते पहिल्यांदा पिशवी घेऊन मंडईत गेले आणि वांगी निवडायला बसले. भाजीवाल्या मावशी म्हणाल्या, ‘‘अहो काका, नुसती तुकतुकीत बघून काय घेताय? देठाजवळ भोक आहे का बघा. सगळी किडकी निघतील.’’ काकांनी घरी येऊन मला हे सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा फुलला होता. म्हणाले, ‘‘इतक्या वर्षांत माझं चुकतंय असं कुणी तोंडावर सांगितलंच नव्हतं हो.’’

नोकरीच्या काळात काकांचं काही चुकलं नसेल, असं थोडंच आहे? पण ज्याच्या हाती आपलं काम अडकलेलं असतं, त्याच्यासमोर माणूस वेगळा वागतो. तो खोटारडा असतो म्हणून नव्हे. त्याला सात-बारा हवा असतो, बदली टाळायची असते, निदान वाईटपणा घ्यायचा नसतो. त्यामुळे अधिकाऱ्यासमोर येणारा प्रत्येक जण थोडं सावरून, थोडं सजवून बोलतो. अधिकाऱ्याला वाटतं, लोक असेच बोलतात. लोक एरवी कसे बोलतात, हे पाहण्याची संधी त्याला मिळत नाही, कारण तो खोलीत आला की ते बोलणं थांबलेलं असतं.

दुसरं कारण बातमीच्या प्रवासात आहे. विहिरीचं पाणी गढूळ आलं, तर हंडा भरणाऱ्या बाईला ते तत्काळ कळतं. तीच बातमी ग्रामसेवक, गटविकास अधिकारी, जिल्हा परिषद, मंत्रालय अशी वर चढू लागली की प्रत्येक पायरीवर थोडी निवळत जाते. ‘पाणी गढूळ आहे’ याचं ‘पाण्याबाबत तक्रार प्राप्त’ होतं, मग ‘तक्रारीची दखल घेण्यात आली’ आणि शेवटी ‘कार्यवाही सुरू आहे’. यात कुणीही धडधडीत खोटं बोललेलं नसतं. प्रत्येकानं फक्त आपल्या अंगावर येणार नाही असा शब्द निवडलेला असतो. बातमी निवळते, पाणी तसंच राहतं. म्हणून जितकं वरचं पद, तितकं विहिरीपासूनचं अंतर जास्त.

तिसरं कारण सहसा लक्षात येत नाही. मोठ्या माणसाला मोठ्यानं विचार करता येत नाही. तुम्ही-आम्ही चहा पिताना म्हटलं की, ‘‘या रस्त्याला झाडं फारच दाटलीत बाई,’’ तर ते हवेत विरून जातं. तेच साहेब म्हणाले, तर दुसऱ्या दिवशी कुऱ्हाड चालण्याची धास्ती. त्यांचं सहज बोलणं हुकूम होतं, गप्प बसणं नाराजी ठरतं आणि हसणं मंजुरी ठरतं. त्यामुळे समजूतदार अधिकारी हळूहळू तोलून बोलायला लागतो आणि एक दिवस त्याला मोकळं बोलताच येईनासं होतं.

इथं एक गैरसमज दूर करू. सत्ता म्हणजे वाटेल ते करता येणं, असं आपण धरून चालतो. सत्तेनं दुसऱ्याकडून पुष्कळ काही करवून घेता येतं, हे खरं. पण साध्या माणसाला फुकट मिळणाऱ्या तीन गोष्टी तिच्यामुळे हातच्या जातात : खरं ऐकायला मिळणं, मोकळं बोलता येणं आणि कुणाचं फारसं न बिघडवता चुकता येणं. राजा घोंगडी पांघरतो तो या तीन गोष्टींसाठी.

आता प्रत्यक्ष इतिहास. रशियाचा झार पीटर याला जहाजं बांधण्याची विद्या हवी होती. १६९७ साली त्यानं पश्चिम युरोपात मोठं शिष्टमंडळ पाठवलं आणि त्यातच ‘प्योत्र मिखाइलोव’ या साध्या नावानं स्वतः सामील झाला. ऑगस्टमध्ये तो हॉलंडमधल्या झानडाम या जहाजबांधणीच्या गावी पोहोचला, एका लोहाराच्या लहानशा लाकडी घरात उतरला, सुताराची हत्यारं घेतली आणि कामाला लागला. पण गडी साडेसहा फुटांहून उंच! गावात कुजबुज सुरू झाली. एकदा त्यानं काही पोरांना आलुबुखार वाटले आणि काहींना दिले नाहीत; ज्यांना मिळाले नाहीत, त्यांनी त्याच्यावर दगडमाती फेकली. तेव्हा नगराध्यक्षानं फर्मान काढलं की, अज्ञात राहू इच्छिणाऱ्या प्रतिष्ठित पाहुण्यांना कुणी त्रास देऊ नये. फर्मान निघालं आणि ज्यांना शंका होती, त्यांचीही खात्री पटली. बघ्यांची गर्दी इतकी वाढली की आठवडाभरातच पीटरला गाव सोडावं लागलं.

पुढे तो ॲमस्टरडॅमला डच ईस्ट इंडिया कंपनीच्या गोदीत गेला. ती गोदी भिंतीआड होती, बघ्यांना आत मज्जाव होता. तिथं त्यानं सुमारे चार महिने सुतारकाम केलं, एका जहाजाच्या बांधणीत हात घातला आणि उस्तादाकडून कामाचा दाखलाही घेतला. चूक झाली तर उस्ताद ती दाखवणार, लाकूड वाया गेलं तर पुन्हा कापायचं. हे मॉस्कोत झालं नसतं, कारण तिथं झारची चूक त्याला दाखवायला कुणी धजलं नसतं. झानडामचं ते लाकडी घर आजही जपून ठेवलेलं आहे.

यावरून साधेपणानं राहिलेला राजा दयाळू होतो, असं मात्र समजू नका. १६९८ साली मायदेशी परतल्यावर याच पीटरनं बंडखोर सैनिकांना शेकड्यांनी देहदंड दिला. वेश पालटल्यानं माणसाला पाहता येतं, शिकता येतं. मन पालटायचं की नाही, हे त्याचं त्यालाच ठरवावं लागतं.

दुसरा गैरसमज असा की, वेश पालटला म्हणजे कुणाला पत्ताच लागत नसे. अठराव्या शतकातल्या युरोपात बहुतेक वेळा सगळ्यांना सगळं माहीत असे. पवित्र रोमन साम्राज्याचा सम्राट दुसरा जोसेफ १७७७ साली आपल्या बहिणीला, फ्रान्सची राणी मारी आंत्वानेत हिला, भेटायला गेला तो ‘काउंट फाल्केनश्टाइन’ या नावानं. तो कोण आहे, हे आख्ख्या पॅरिसला ठाऊक होतं. मग नाव बदलून काय मिळालं? आपल्याकडच्या व्याह्यांचं उदाहरण घ्या. मुलीचे सासरे व्याही म्हणून आले की पाट-रांगोळी, मानाचा टॉवेल-टोपी, कुणी आधी बसायचं, कुणाला आधी वाढायचं, सगळं आलं. तेच कामासाठी गावात आले आणि ‘‘सहज डोकावलो’’ म्हणाले की चहा-पोह्यांवर भागतं, आणि गप्पाही जास्त रंगतात. सम्राट सम्राट म्हणून गेला असता तर तोफांच्या सलाम्या, दरबारातली आसनं, नजराणे, परतीचे नजराणे, आणि त्यात कुठे उणं पडलं तर दोन राज्यांत तेढ. काउंट आला म्हटल्यावर यातलं काहीच करावं लागत नव्हतं. जोसेफनं वर्सायच्या राजवाड्यातल्या खोल्या नाकारल्या, भाड्याच्या जागेत उतरला आणि पॅरिसमधली इस्पितळं, कारखाने, शाळा पायी फिरून पाहिल्या. म्हणजे टोपणनाव ही दोन्ही बाजूंनी राजीखुशीनं घेतलेली सवलत होती.

राजघराण्यातल्या माणसाला ही मोकळीक किती मोलाची वाटते, याचं एक उदाहरण जवळच्या काळातलं आहे. ८ मे १९४५ रोजी युरोपातलं महायुद्ध संपलं. लंडनचे रस्ते माणसांनी फुलून गेले होते. एकोणीस वर्षांची राजकन्या एलिझाबेथ आणि तिची धाकटी बहीण मार्गारेट यांनी आईवडिलांकडे बाहेर जाण्याची परवानगी मागितली. एलिझाबेथच्या अंगावर लष्करी गणवेश होता. ओळखू येऊ नये म्हणून तिनं टोपी डोळ्यांवर ओढली. सोबतच्या एका अधिकाऱ्याला ते खपलं नाही. गणवेश नीट नसलेल्या अधिकाऱ्याबरोबर आपण चालणार नाही, असं तो म्हणाला, तेव्हा तिनं टोपी सरळ केली. अनोळखी माणसांच्या हातात हात गुंफून त्या रांगेनं चालल्या, आणि राजवाड्यासमोरच्या गर्दीत उभं राहून ‘आम्हाला राजा हवा’ म्हणून इतरांबरोबर ओरडल्या. सज्जात येणारा राजा म्हणजे त्यांचे वडील. चाळीस वर्षांनी, १९८५ साली, राणी झालेल्या एलिझाबेथनं ही आठवण रेडिओवर सांगितली आणि ती रात्र आयुष्यातल्या सर्वांत संस्मरणीय रात्रींपैकी एक होती, असं म्हटलं. जिच्यापाशी राजवाडे होते, तिला आठवत राहिली ती गर्दीतली एक रात्र.

हे वाचून कुणाला वाटेल, मग आपलंच बरं. आपल्याला कुठे कोण ओळखतं! इथं तिसरा गैरसमज आहे, आणि तोच मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. तो सोडवायला युरोपात जायला नको. पांडवांचा अज्ञातवास आठवा. विराटाच्या घरी एक वर्ष राहताना युधिष्ठिर कंक झाला, भीम आचारी बल्लव झाला, अर्जुन बृहन्नडा झाला आणि द्रौपदी सैरंध्री. त्यांना मोकळीक मिळाली का? विराटाचा सेनापती कीचक यानं सैरंध्रीचा पिच्छा पुरवला, भर सभेत तिला लाथ मारली. तिनं राजाकडे दाद मागितली आणि राजानं ती दिली नाही. दासीसाठी सेनापतीला कोण दुखवणार? पुढे विराटानं रागाच्या भरात कंकाच्या तोंडावर फासा फेकून मारला, रक्त आलं. ज्यांना आपण कोण हे सांगता येत नव्हतं, त्यांच्या वाट्याला हे आलं.

आता झानडामचा पीटर आणि विराटनगरीतली द्रौपदी शेजारी ठेवून पाहा. दोघंही ओळख लपवून राहिली. पीटरला दगड लागले, तर त्याच्यासाठी फर्मान निघालं. द्रौपदीला लाथ बसली, तर सभा गप्प राहिली. पीटर मनात येईल तेव्हा झार होऊ शकत होता. वर्ष पुरं होईपर्यंत द्रौपदीला राणी होता येत नव्हतं. म्हणजे अनोळखी असणं ही मोकळीक केव्हा असते? ओळख न सांगताही आपल्याला नीट वागवलं जातं तेव्हा. तशी खात्री नसेल, तर कुणी न ओळखणं हे ओझंच असतं. रेशनकार्डातलं नाव दुरुस्त करायला चौथ्यांदा आलेल्या आणि ‘‘उद्या या’’ ऐकून परत निघालेल्या बाईला अनामिकतेचं सुख सांगायला जाऊ नये. तिची तक्रारच ही आहे की तिला कुणी ओळखत नाही.

म्हणून वेशांतराचा सर्वांत चांगला उपयोग हाच आहे की, अनोळखी माणसाला कसं वागवतात, ते स्वतःच्या अंगावर घेऊन पाहायचं. आपल्याकडचं अलीकडचं उदाहरण म्हणजे पिंपरी-चिंचवडचे तत्कालीन पोलीस आयुक्त कृष्ण प्रकाश. मे २०२१ मध्ये ते दाढी-विग लावून, पठाणी वेश करून, एका महिला अधिकाऱ्याला पत्नी म्हणून सोबत घेऊन, आपल्याच हद्दीतल्या पोलीस ठाण्यांत तक्रारदार म्हणून गेले. काही ठिकाणी तक्रार नीट ऐकून घेतली गेली, एका ठिकाणी नाही. आयुक्ताच्या गाडीतून उतरले असते, तर सगळीकडे एकसारखाच सलाम मिळाला असता आणि कुठलं ठाणं कसं चालतं, हा फरक दिसलाच नसता.

मग सगळेच सत्ताधारी असं का करत नाहीत? याची दोन कारणं. पहिलं म्हणजे चेहरा. पूर्वी राजाचा चेहरा प्रजेला माहीतच नसे. फार तर नाण्यावर उठवलेली छबी. जून १७९१ मध्ये फ्रान्सचा सोळावा लुई नोकराच्या वेशात पळून जात असताना वाटेत पकडला गेला. नोटेवरच्या चित्रावरून एका टपालनाक्याच्या प्रमुखानं त्याला ओळखलं, असं सांगतात. एक छापील चित्र एवढं करू शकलं. आज तर प्रत्येक खिशात कॅमेरा आहे.

दुसरं कारण जिवाचं. स्वीडनचा राजा तिसरा गुस्ताव १७९२ साली स्टॉकहोमच्या नाट्यगृहात मुखवट्यांच्या नृत्याला गेला. त्याच संध्याकाळी त्याला धोक्याची निनावी चिठ्ठी आली होती, तरी गेला. चेहऱ्यावर मुखवटा होता, पण छातीवरचं मानाचं तारांकित पदक त्यानं काढलं नव्हतं. मारेकऱ्यांनी त्यावरून त्याला हेरून गोळी घातली; तेरा दिवसांनी तो गेला. ऑस्ट्रियाची सम्राज्ञी एलिझाबेथ हिनं उलट केलं. पहारा नाकारून ‘काउंटेस होहेनएम्ब्स’ या नावानं ती जिनिव्हात उतरली. वर्तमानपत्रानं तिची खरी ओळख छापली आणि १० सप्टेंबर १८९८ रोजी सरोवराकाठी बोटीकडे जाताना एकानं टोकदार कानस तिच्या छातीत खुपसली. त्याचा राग तिच्यावर व्यक्ती म्हणून नव्हता. त्याला कुणीही राजघराण्यातलं चाललं असतं. आपल्याकडे १९८४ साली इंदिरा गांधींची हत्या झाल्यानंतर पंतप्रधानांच्या संरक्षणासाठी एसपीजी हे स्वतंत्र दल उभं राहिलं आणि १९८८ साली त्याचा कायदाही झाला. तेव्हा बंदोबस्त ही त्या माणसाच्या आवडीनिवडीची बाब उरलेली नाही. त्याला वाटलं म्हणून एकट्यानं वडापाव खायला जाता येत नाही.

दोन्ही बाजू एकाच ठिकाणी पाहायच्या असतील, तर आषाढी एकादशीची पंढरी पाहा. शासकीय महापूजा मुख्यमंत्र्यांच्या हस्ते होते; त्यांना रांग नाही. वारकरी तासन् तास दर्शनबारीत उभा असतो, पण त्या रांगेत कुणी कुणाचं पद विचारत नाही. पुढचाही माउली, मागचाही माउली. २०१८ साली आंदोलनाच्या पार्श्वभूमीवर तत्कालीन मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी वारकऱ्यांच्या सुरक्षिततेचं कारण देत पंढरपूरला जाणं टाळलं आणि मुंबईत निवासस्थानीच विठ्ठलाची पूजा केली. त्या दिवशी लाखो लोक जिथं सहज पोहोचले, तिथं राज्याच्या प्रमुखाला जाता आलं नाही. आणि त्याच पंढरीत दरवर्षी रांगेतल्या एका जोडप्याला ‘मानाचे वारकरी’ म्हणून बोलावून मुख्यमंत्र्यांच्या बरोबरीनं पूजेला उभं करतात. ते कोण, कुठल्या गावचे, हे आधीपासून कुणालाही ठाऊक नसतं. ही प्रथा मला फार मोलाची वाटते. ती सांगते की, रांगेत उभं असणं हीच पुरेशी ओळख आहे.

तेव्हा नातीला सांगा, राजा चोरासारखा फिरत नव्हता. त्याच्या राज्यात ज्याला कुणी ओळखत नाही, त्याच्याशी लोक कसे वागतात, एवढंच त्याला पाहायचं होतं, आणि ते मुकुट घालून दिसत नाही. तिला हेही सांगा की, हे पाहायला तिला घोंगडी लागणार नाही. पुढच्या वेळी पोस्टात किंवा एसटीच्या खिडकीशी तिला बरोबर न्या आणि आपला नंबर येईपर्यंत पुढच्या अनोळखी माणसाला काय उत्तर मिळतं, ते ऐकायला सांगा. त्याला बसायला सांगून नीट समजावून दिलं, तर त्या कार्यालयात कुठल्याही राजानं वेश पालटून जायची गरज नाही.